सह्याद्रीतली बौद्ध लेणी आणि तिथले भिक्खू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ले, भाजे, नाशिक, जुन्नर, कान्हेरी, अजिंठा इथे येणारे लोक बहुधा मूर्ती, चित्रं आणि मोठं चैत्यगृह पाहून परततात. बाजूच्या अंधाऱ्या खोल्यांत कुणी डोकावत नाही. पण डोंगर कोरायला सुरुवात झाली ती त्या खोल्यांसाठी. खालचे प्रश्न त्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांबद्दल आहेत. उत्तरांना आधार दोन गोष्टींचा आहे: भिंतींवरचे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आणि भिक्खूंच्या आचाराचे नियम सांगणारं विनयपिटक.

लेणं म्हणजे देऊळ का?

लेणं म्हणजे राहण्याची जागा. शिलालेखांत ‘लेण’ हाच शब्द येतो आणि मराठीत तो जवळजवळ तसाच टिकून आहे. एका वस्तीत साधारण तीन प्रकारची कामं दिसतात. स्तूप असलेलं, मागे अर्धगोल होत जाणारं ते चैत्यगृह (लेखांत ‘चेतियघर’), म्हणजे वंदनेची जागा. मधे मंडप आणि तीन बाजूंनी खोल्या असतील तर तो विहार. तिसरं पाण्याचं टाकं, लेखांतलं ‘पोढि’. जुन्या विहारांत मूर्ती नसते. मागच्या भिंतीच्या मधोमध गाभारा आणि त्यात बुद्धमूर्ती ही योजना नंतरची आहे. अजिंठ्याला ५ व्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरलेल्या विहारांत ती ठळक दिसते.

भिक्खू तर फिरते. मग त्यांना डोंगरात घर कशाला लागलं?

पावसामुळे. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही फिरत असत. हिरवे कोंब तुडवले जातात, बारीक जीव मरतात, पाखरंसुद्धा या दिवसांत घरट्यात बसतात आणि हे मात्र हिंडतात, अशी लोकांची तक्रार झाली. त्यातून वर्षावासाचा नियम आला: आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, एकाच ठिकाणी राहायचं. ज्याला तेव्हा जमलं नाही त्याने महिनाभराने सुरू करून कार्तिक पौर्णिमेपर्यंत राहायचं. आजारी सोबती, आईवडिलांचं आजारपण किंवा संघाचं निकडीचं काम असेल तर बाहेर जाता येतं, पण सात दिवसांच्या आत परत यावं लागतं.

हा वर्षावास कुठे करायचा नाही तेही सांगितलं आहे. झाडाच्या ढोलीत, फांदीच्या बेचक्यात, उघड्यावर, छत्रीखाली किंवा रांजणात राहून तो होत नाही. डोक्यावर छप्पर असलेला निवारा हवा. सह्याद्रीचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको. माती-लाकडाची झोपडी इथे दर वर्षी शाकारावी लागते. काळ्या पाषाणात कोरलेली खोली मात्र दोन हजार वर्षांनंतरही कोरडी आहे. शिवाय ही ठिकाणं व्यापाराच्या वाटांवर आहेत. कार्ले, भाजे, बेडसे बोरघाटाच्या तोंडाशी आणि जुन्नर नाणेघाटाच्या वाटेवर. म्हणजे एकांतही मिळे आणि भिक्षा वाढणारी वस्तीही आवाक्यात राही.

दख्खनच्या भिक्खूंसाठी काही वेगळे नियम होते का?

होते. विनयपिटकात ‘अवंती-दक्षिणापथ’ असं नाव घेऊन ते आले आहेत. अवंतीत, म्हणजे उज्जैनच्या आसपासच्या प्रदेशात, सोण कुटिकण्ण या तरुणाला उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खूची दीक्षा, हवी होती. तिला दहा भिक्खू लागत आणि ते जमवायला त्याचे गुरू महाकच्चान यांना तीन वर्षं लागली. पुढे महाकच्चान यांनी सोणाकरवी बुद्धांकडे विनंत्या पाठवल्या. एक अशी: ‘इथली जमीन वरून काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली आहे.’ उन्हाळ्यात सुकलेल्या काळ्या रानातून अनवाणी चालून पाहिलं की हे वाक्य लिहिणाऱ्याने ही जमीन ओळखली होती हे पटतं. त्यावरून सीमाप्रदेशात जाड, अनेक पदरी तळाच्या वहाणा वापरायची मुभा मिळाली. वारंवार अंघोळीचीही मिळाली, कारण मध्यदेशात, म्हणजे गंगेच्या खोऱ्यात, एरवी पंधरा दिवसांतून एकदाच अशी मर्यादा होती. कातडी अंथरायला परवानगी मिळाली. आणि उपसंपदेला दहाऐवजी पाच भिक्खू पुरेसे ठरले, मात्र त्यांतला एक विनय जाणणारा हवा.

एका खोलीत किती जण राहत?

खोलीतले ओटे मोजा. बहुतेक खोल्या दोन-अडीच मीटर लांबी-रुंदीच्या असतात आणि एका भिंतीलगत दगडाचाच ओटा सोडलेला असतो. तो झोपायचा ओटा. काही ठिकाणी उशाची बाजू किंचित उंच ठेवलेली आढळते. अजिंठ्याचं १२ क्रमांकाचं लेणं यासाठी मुद्दाम पाहावं: बारा खोल्या आणि प्रत्येकीत दोन ओटे, म्हणजे २४ जणांची सोय.

उंबऱ्याशी खाली आणि वर गोल खळगे दिसले तर तिथे लाकडी दाराचे खुंट फिरत असत. भिंतीतला लहान कोनाडा दिव्याचा. दोन समोरासमोरच्या भिंतींत एकाच उंचीवर भोकं असतील तर तिथे चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, टाकायची काठी बसत असावी.

त्यांचा दिवस कसा जाई?

पहाटे उठणं, ध्यान, झाडलोट. मग पात्र घेऊन गावात भिक्षेला. दारासमोर गुपचूप उभं राहायचं, मागायचं नाही, घर निवडायचं नाही, मिळेल ते घ्यायचं. जेवण मध्यान्हाच्या आत उरकायचं आणि नंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत घन अन्न नाही. गाळलेला फळांचा रस दुपारनंतर चालतो. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधं म्हणून सात दिवस जवळ ठेवता येतात, आठव्या दिवशी नाही. दुपारी पाठांतर, शिकणं-शिकवणं. संध्याकाळी पुन्हा ध्यान आणि गुरूची सेवा.

विनयाची खरी गंमत बारीकसारीक सूचनांत आहे. पात्र ठेवताना ते एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताने बाजेखाली चाचपून पाहायचं आणि मगच ठेवायचं. नुसत्या जमिनीवर ठेवायचं नाही. भिक्खूचं पात्र मातीचं किंवा लोखंडाचं. मातीचं आपटलं की फुटतं आणि लोखंडाचं ओलं राहिलं की गंजतं. म्हणून धुऊन, पुसून, क्षणभर उन्हात धरून आत घ्यायचं, पण उन्हात टाकून जायचं नाही. चीवर टाकायच्या आधी काठीवरून हात फिरवायचा. चिवराची घडी आपल्याकडे आणि काठ पलीकडे ठेवायचे.

रिकाम्या विहारात शिरायची रीत तर डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी. आधी दार वाजवा, थोडं थांबा, कडी काढा, दार ढकला आणि बाहेर उभं राहूनच आत नजर टाका. साप आत असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळतो. साफसफाईचाही क्रम आहे: सामान बाहेर, मग छताची जाळी आधी, नंतर कोपरे, मग भिंती ओल्या फडक्याने, आणि शेवटी पाणी शिंपडून जमीन. पाणी न शिंपडता झाडलं की धूळ उडून पुन्हा सगळ्यावर बसते. बंद खोलीत तर ती बाहेर जायला वाटच नसते.

भिक्खूच्या मालकीचं काय असे?

आठ वस्तू: तीन चीवरं (कमरेचं अंतरवासक, खांद्यावरचं उत्तरासंग, दुपदरी संघाटी), पात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं. शेवटची वस्तू पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत म्हणून आहे.

चीवर तुकडे जोडून का शिवतात? रंग कसा देत?

मगधातल्या भातखाचरांसारखं, बांध घातल्याप्रमाणे चीवर शिवायला बुद्धांनी आनंदांना सांगितलं, असं विनयात आहे. कापलेल्या कापडाला विकायची किंमत राहत नाही, म्हणून चोरही त्याच्या मागे लागत नाही. पट्ट्यांची संख्या विषम आणि निदान पाच असते.

रंग सहा गोष्टींपासून: मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ. तो उकळावा लागतो. कच्चा राहिला तर कापडाला वास येतो आणि रंग सुटतो. शिजला की नाही हे पाहायला एक थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून बघायचा. पसरला तर अजून उकळायचा. रंगवून वाळत घातलेलं चीवर थेंब गळायचे थांबेपर्यंत सोडून जायचं नाही, सारखी बाजू बदलत राहायची. नाहीतर सगळा रंग खालच्या काठाला उतरतो आणि वरचा भाग फिका पडतो.

वर्षावास संपल्यावरच्या महिन्यात कठिन चीवरदान होतं. त्याला निदान पाच भिक्खू लागतात आणि मिळालेलं कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरं करावं लागतं. म्हणून त्या दिवशी सगळा विहार कामाला लागतो.

पैशाला हात लावायचा नाही, मग खर्च कसा चाले?

याचं सर्वांत नेमकं उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे वर्ष ४२ चा लेख कोरवला. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले, म्हणजे मुद्दल कधीच मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. रक्कम भिक्खूंच्या हातात दिली नाही. नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ती ठेवली. एकीकडे २०००, शेकडा दरमहा १ दराने. दुसरीकडे १०००, शेकडा दरमहा पाऊण दराने.

हिशेब करून पाहा. २००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेखात लिहिलं आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस, एक कवडी कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात. ते किरकोळ गरजांसाठी होते, असा अर्थ बहुधा लावला जातो. शिवाय ८००० नारळीच्या झाडांचं दानही त्याच लेखात आहे. ठेव विणकरांकडे आणि व्याज कापडासाठी, ही जोडणी करणारा माणूस व्यवहार जाणणारा होता.

राजांखेरीज देणारे पुष्कळ होते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा मोठा दाता वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. तिथल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत. जुन्नरला शिवनेरीच्या लेण्यांत एका यवनाने संघाला भोजनमंडप दिला. दात्यांत भिक्खू आणि भिक्खुणीही भेटतात, उदाहरणार्थ कार्ल्यात सोपाऱ्याचा सातिमित नावाचा भाणक, म्हणजे धम्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा. नियम आणि व्यवहार यांत अंतर पडत होतं, हे त्यावरून मान्य करावं लागतं.

दिलेलं दान फसलं तर?

तसंही झालं आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या १८ व्या वर्षी पश्चिम कखडी गावातलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या, भिक्खूंना दिलं. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजा आणि राजमाता यांनी गोवर्धनचा अमात्य सामक याला दुसरा आदेश धाडला: ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही ओस आहे, म्हणून नगराच्या हद्दीतलं आमच्या मालकीचं १०० निवर्तनांचं शेत त्यांना द्यावं. भिक्खू स्वतः नांगर धरत नाहीत. जमीन खणायला त्यांना मनाई आहे. कसणारी माणसं गेली की दानाचं शेत म्हणजे नुसती माती. नव्या जागेसोबत सवलतीही लिहून दिल्या: राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही.

आठ महिने कोरड्या डोंगरावर पाणी कुठून?

पोढीतून. लेण्याच्या ओसरीच्या कडेला किंवा अंगणात खाली चौकोनी तोंडाचं टाकं कोरलेलं असतं. तोंड लहान आणि आत पोकळी मोठी, म्हणजे ऊन कमी लागतं आणि वाफ कमी होते. तोंडाभोवती खाच असेल तर ती झाकणाची. कान्हेरीला हे सगळ्यांत नीट समजतं. शंभराहून जास्त लेणी आणि बहुतेकांना स्वतंत्र पोढी. पावसात तिथे गेलात तर माथ्यावरचं पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरताना दिसतं. पन्हळ पाचोळ्याने तुंबली की पाणी खोलीत शिरतं आणि गाळ टाक्यात जातो. तेव्हाही हीच अडचण असणार, कारण छप्पर शाकारायचं काम वाचलं तरी पन्हळ साफ करायचं काही सुटत नाही.

आज टाक्यातलं पाणी पिऊ नका. उपसा आणि साफसफाई नसल्याने ते साचलेलं असतं.

भिक्खुणी याच लेण्यांत राहत का?

भिक्खुणींनी रानात राहू नये असा विनयाचा नियम आहे, त्यांच्या सुरक्षिततेसाठी. जुन्नरच्या एका लेखात धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाच्या भिक्खुणींच्या नगरातल्या निवासाचा उल्लेख येतो, तो याच्याशी जुळतो. दात्या म्हणून मात्र त्या कान्हेरीच्या लेखांत वारंवार भेटतात.

नियम मोडला तर काय होई?

थेरवाद परंपरेत भिक्खूचे २२७ नियम आहेत, भिक्खुणीचे ३११. सगळ्यांत जड चार: मैथुन, पाच मासक (जुनं नाणं) किंवा जास्त किमतीची चोरी, मनुष्यहत्या, आणि अंगी नसलेल्या अलौकिक सिद्धीचा जाणूनबुजून खोटा दावा. यांतला एक घडला की तो माणूस भिक्खू उरत नाही. त्याखालच्या १३ नियमांत परत येण्याची वाट आहे. दोष जितके दिवस लपवला तितके दिवस परिवास, म्हणजे हक्क कमी करून वेगळं राहणं, मग सहा रात्रींचं मानत्त नावाचं प्रायश्चित्त, आणि शेवटी निदान २० भिक्खूंच्या संघाने परत घेणं. एवढे भिक्खू लहान लेण्यात कुठून जमणार? त्यामुळे आसपासच्या वस्त्यांशी संबंध राखावेच लागत.

लहानसहान चुका एकमेकांसमोर बोलून मोकळं व्हायचं. पौर्णिमा-अमावास्येला उपोसथ असतो. चार किंवा अधिक भिक्खू असतील तर सगळे नियम तोंडपाठ म्हटले जातात.

भिक्खू वारल्यावर?

भाज्याला १४ लहान स्तूपांचा गट आहे, काही आत आणि काही बाहेर. ते थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, स्मारकस्तूप आहेत आणि काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी नावं वाचता येतात. कान्हेरीतही विटा-दगडांच्या अशा स्तूपांची रांग आहे. तिथे चढून फोटो काढू नका. ती समाधीची जागा आहे.

गावातल्या बुद्धविहारात भिक्खू का दिसत नाहीत?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रात वस्तीवस्तीत जे विहार उभे राहिले ते मुख्यतः उपासकांच्या वंदनेचे, सभेचे आणि अभ्यासाचे. वर्षावासात तिथे ग्रंथवाचन चालतं. भिक्खू राहायचा असेल तर रोजचं भोजन, स्वतंत्र खोली, शौचालय आणि औषधपाणी यांची जबाबदारी बारा महिने उचलावी लागते. एका घरावर ती टाकली की काही महिन्यांत ओढाताण होते. वार वाटून घेतले की निभतं.

भन्तेंना (भिक्खूंना) भोजनदानाला बोलवायचं आहे. काय पाळावं?

आदल्या दिवसापर्यंत निमंत्रण द्या आणि किती जण येतील ते विचारा. पथ्य, मधुमेह वगैरे असेल तर तेही विचारून ठेवा. पानं साडेदहा-अकराला वाढा. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: वंदना, सत्कार, भाषणं लांबतात आणि जेवायला पाऊण वाजतो. मुंबईत सूर्य साधारण साडेबाराच्या पुढेमागे माथ्यावर येतो, तरी बहुतेक भिक्खू घड्याळातले १२ पाळतात. म्हणून भोजन आधी, भाषणं मागाहून.

अन्न दोन्ही हातांनी हाती द्यावं लागतं. समोर नुसतं ठेवून ‘घ्या भन्ते’ म्हटलं तर ते दिलेलं धरत नाहीत. दानात साबण, औषधं, चीवर, छत्री, चपला उपयोगी पडतात. रोख रक्कम द्यायची तर विहाराच्या कारभाऱ्याकडे द्या आणि कशासाठी दिली ते सांगा.

थोड्या दिवसांसाठी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होता येतं का?

हो, महाराष्ट्रात दहा दिवसांची शिबिरं होतात. मुंडन, चीवर, त्रिशरण आणि दहा शीलं. आईवडिलांची परवानगी लागते. कर्जदाराला दीक्षा देत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी भूक लागते. दुपारचं जेवण ठासून केलं तर ध्यानात डुलक्या येतात, म्हणून बेतानेच जेवा. पूर्ण भिक्खू व्हायला २० वर्षं पुरी लागतात आणि ती गर्भधारणेपासून मोजतात. चीवर सोडून घरी परतता येतं, त्यात कलंक नाही.

लेण्यात तास-दीड तासच असेल तर काय बघावं?

आधी वार तपासा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मग चैत्यगृह शेवटी ठेवा आणि एका विहारापासून सुरुवात करा. पोढी शोधा, पन्हळ कुठून येते ते पाहा, दाराचे खळगे चाचपा, खोल्या आणि ओटे मोजा. विजेरी घेऊन जा, पण चित्रांवर धरू नका. अत्तर लावून किंवा धूर करत जाऊ नका, कड्यांना आग्यामोहोळं असतात. लेखावर खडू, पाणी, हात काहीही लावू नका. अक्षरं उठून दिसायला विजेरी बाजूने तिरपी धरली की पुरतं. ओळीच्या शेवटाकडे ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, हा शब्द शोधा. त्याच्या आसपास ‘लेण’ किंवा ‘पोढि’ असतं आणि त्याआधी देणाऱ्याचं नाव.